मंगळवार पेठ, फायबर कनेक्शन: रात्री बंद, सकाळी चालू (प्रकल्प नोंदी)

जागा: मंगळवार पेठ, कोल्हापूर. मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवरची बोळ, दुमजली जुनं घर, दीड फुटी भिंती.
कनेक्शन: १०० एमबीपीएस फायबर. खांबावरच्या डब्यापासून घरापर्यंत बोळ ओलांडून आलेली सुमारे ६० मीटर ड्रॉप केबल.
तक्रार: १५ ऑगस्टपासून रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास नेट जातं आणि सकाळी कुणी काही न करता परत येतं.

रविवार, १७ ऑगस्ट २०२५

रात्री ९.५० ला पोहोचलो. नेट बंदच होतं. कशालाही हात लावण्याआधी फायबरच्या मोडेमवरच्या, म्हणजे ओएनटीवरच्या दिव्यांचा फोटो काढला. पॉवर हिरवा, पॉन लुकलुकतोय, एलओएस मधूनमधून लाल, लॅन आणि वायफाय चालू. बंद करून चालू केलं की हे चित्र पुसलं जातं आणि मग सगळा अंदाजाचा खेळ होतो, म्हणून फोटो आधी.

दिव्यांचा अर्थ असा. पॉन स्थिर हिरवा असेल तर कंपनीकडच्या यंत्राशी ओळखपाळख झालेली आहे. पॉन लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण नोंदणी पुरी होत नाही. एलओएस लाल म्हणजे येणारा प्रकाश ओएनटीला वाचता येण्याइतकाही उरलेला नाही. इथं दोन्ही आलटून पालटून होत होतं. म्हणजे केबल तुटलेली नाही, प्रकाश अगदी काठावर आहे. तुटलेली असती तर लाल दिवा सकाळीही गेला नसता.

घरच्यांनी टाचणी घालून मागचं रिसेटचं बटण दाबायची तयारी केली होती, ते वेळेत थांबवलं. रिसेट म्हणजे रिस्टार्ट नव्हे. त्या छिद्रातलं बटण दहा सेकंद दाबलं की कंपनीच्या जाळ्यात शिरायचं (पीपीपीओईचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (लाइनच्या ओळखीचा) आकडा पुसला जाऊ शकतो. मग प्रकाश परत आला तरी नेट येत नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

मोबाइल वायफायला जोडून १९२.१६८.१.१ उघडलं. पान लगेच उघडलं, म्हणजे घरातलं वायफाय ठीक आहे. ‘स्टेटस’मध्ये दोन गोष्टी पाहिल्या.

अपटाइम: ६ दिवस ४ तास. म्हणजे या सगळ्या रात्रींत ओएनटी एकदाही बंद पडलेलं नाही. अॅडाप्टर आणि वीज, दोघंही निर्दोष. एवढ्या एका आकड्यानं निम्मी तपासणी वाचते.

आरएक्स पॉवर, म्हणजे ओएनटीला मिळणारा प्रकाश: -२८.६ डीबीएम. आकडा शून्याच्या जितका खाली, तितका प्रकाश कमी. इथंच दुखणं आहे. जीपॉनच्या, म्हणजे घरगुती फायबरच्या या पद्धतीच्या, नेहमीच्या वर्गात (बी प्लस) ओएनटीची ऐकण्याची मर्यादा -२७ आहे. काही यंत्रं त्याच्या थोडं खालीही तग धरतात, पण तो भरवशाचा धंदा नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

दिवसभर घरच्यांकडून आकडे घेतले. त्यांना एवढंच सांगितलं होतं की पान उघडा, स्क्रीनशॉट पाठवा, दुसरं काही दाबू नका.

सकाळी ७.३० ला -२४.९, दुपारी १ ला -२४.८, संध्याकाळी ७ ला -२४.९. पाऊस ८.१० ला सुरू झाला. ८.५० ला -२६.३, ९.१५ ला -२७.८, ९.३५ ला -२८.७ आणि लाल दिवा.

दोन गोष्टी लगेच दिसतात. पाऊस लागल्याबरोबर आकडा पडला नाही. चाळीस मिनिटांनी पडायला लागला आणि हळूहळू पडत गेला. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असतं तर आकडा वेडावाकडा उड्या मारतो आणि सकाळी ऊन येईपर्यंत सुधारत नाही. इथली उतरण सरळ आहे, काहीतरी सावकाश भरत जावं तशी. काचेच्या तंतूला पावसाशी काही देणंघेणं नसतं. पाऊस ज्या वस्तूला ओढतो, दाबतो किंवा भिजवतो, ती वस्तू शोधायची.

दुसरी गोष्ट कोरड्या हवेतल्या आकड्याची. -२४.९ वर नेट चालतं, म्हणून कुणी तिकडे लक्ष देत नाही. पण हिशेब मांडून पाहिला: कंपनीकडून निघताना साधारण +३, दोन ठिकाणी १:८ चे स्प्लिटर (एका तंतूतला प्रकाश आठांत वाटणारे), प्रत्येकी १०.५ म्हणजे २१ डीबी गेले, तीनेक किलोमीटर केबलचे पाऊण डीबी, सगळे जोड आणि कनेक्टर मिळून दोन. उत्तर येतं -२१ च्या आसपास. म्हणजे ऐन उन्हातसुद्धा चार डीबी कुठंतरी सांडतायत. तीन डीबी म्हणजे निम्मा प्रकाश, चार म्हणजे जेमतेम ४० टक्के हाती उरतो. एक बिघाड कायमचा आणि एक पावसाचा, असे दोन वेगळे असावेत असं धरून पुढं जायचं ठरलं.

एक खबरदारी. ओएनटीच्या पानावरचा आकडा तीन डीबीपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. त्यातला फरक खरा मानायचा, पण मूळ आकडा मीटर लावल्याशिवाय खरा मानायचा नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर, लावून मोजलं. खांबावरचा डबा केबलवाल्यांच्या माणसानंच उघडला. तो खांब विजेचा आहे. ग्राहकानं किंवा हौशी माणसानं शिडी लावून तिथं चढायचं नाही. पावसाळ्यात तर अजिबात नाही.

डब्यातल्या स्प्लिटरच्या तोंडाशी -२०.६. हिशेबाला धरून आहे, म्हणजे कंपनीपासून खांबापर्यंतचा मार्ग निरोगी.
घरात भिंतीवरच्या पेटीत, ड्रॉप केबलच्या टोकाला -२१.१. साठ मीटर केबल आणि एका कनेक्टरसाठी अर्धा डीबी, रास्त.
तिथून दोन मीटरची पॅचकॉर्ड ओएनटीपर्यंत जाते, तिच्या टोकाला -२४.४.

दोन मीटरच्या दोरीत ३.३ डीबी! पॅचकॉर्ड बदलून पाहिली, आकडा तोच. मग पेटीतला जोड टॉर्चखाली धरला. पॅचकॉर्डचं टोक हिरवं, ड्रॉप केबलचं टोक निळं. हिरव्याचं (एपीसी) तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं (यूपीसी) जवळपास सपाट. दोन्ही एकाच जोडणीत अगदी नीट बसतात, टिक्‌ असा आवाजही येतो, पण आत काचेला काच टेकत नाही. मधे हवेची पाचर राहते. प्रकाश तिथं सांडतो आणि काही मागेही फिरतो. शिवाय जोर लावून बसवलं तर तिरक्या तोंडाची कड दुखावते.

निळा फास्ट कनेक्टर कापून हिरवा बसवला. पद्धत:

ड्रॉप केबलचं चपटं कवच दोन्ही बाजूंनी सोलून मधला तंतू मोकळा केला. बाजूच्या दोन कडक काड्या मुळाशी कापल्या. तंतूवरचं रंगीत आवरण स्ट्रिपरनं एका ओढीत काढलं. दोनदा ओढलं की ओरखडा पडतो. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, धागे न सोडणाऱ्या कागदानं दोनदा पुसलं. कापसानं पुसू नये, तंतुमय कचरा चिकटतो. मग क्लीव्हर, म्हणजे तंतू सरळ कापायचं हत्यार. कनेक्टरसोबत येणाऱ्या मापपट्टीवर तंतू ठेवूनच कापायचा. डोळ्याच्या अंदाजानं दोन मिलिमीटर कमी राहिले तर आतल्या जेलपर्यंत टोक पोचत नाही आणि आज चाललेला जोड पुढच्या उन्हाळ्यात दगा देतो. तंतू आत सरकवताना टेकल्याचं बोटाला कळतं, बाहेरच्या केबलला हलकासा बाक येतो. तो बाक तसाच ठेवून कुलूप दाबायचं.

पहिला प्रयत्न फसला. लाल लेसर पेन मारून पाहिलं तर कनेक्टरच्या मधल्या खिडकीतून लालभडक उजेड बाहेर पडत होता. चांगल्या जोडात तिथं फिकट गुलाबी झाक दिसते, बस्स. कापून पुन्हा केलं. क्लीव्हरचं पातं एक घर फिरवल्यावर दुसऱ्या वेळी जमलं.

कापलेल्या काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत टाकले. ते डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत, पण तळपायात घुसले तर निघत नाहीत. घरात रांगतं बाळ होतं, म्हणून फरशी चिकटपट्टीनं टिपून घेतली. आणि फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही. १४९० चा प्रकाश दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही.

पॅचकॉर्डच्या टोकाला आता -२१.४. ओएनटीच्या पानावर -२१.८.

बुधवार, २० ऑगस्ट

रात्री पाऊस झाला. नेट गेलं नाही.

घरचे खूश, केबलवाले म्हणाले तक्रार बंद करू. पण आकडे पाहा: पावसाआधी -२१.८, रात्री ९.४० ला -२५.६. घसरण ३.८ डीबी. सोमवारी -२४.९ वरून -२८.७, तीही ३.८. पावसाचा बिघाड जसाच्या तसा आहे. कायमचा बिघाड निघाल्यानं हाताशी जागा वाढली आणि तो त्या जागेत दडला, एवढंच. तक्रार उघडी ठेवली.

कंपनीच्या फोनवर रोज एकच उत्तर मिळत होतं, ‘आमच्या स्क्रीनवर सगळं नॉर्मल आहे.’ त्यात खोटं काही नसावं. फोन दुपारी जातो, बिघाड रात्री असतो. शिवाय घरातून कंपनीकडे जाणारा प्रकाश १३१० चा आणि तिकडून येणारा १४९० चा. केबल वाकली की लांब तरंगलांबी जास्त सांडते, म्हणून जाणाऱ्यापेक्षा येणाऱ्याची अवस्था वाईट होते. फक्त तिकडच्या आकड्यावर भागत नाही, घरातला आरएक्स पॉवर वेळेसकट कळवावा लागतो.

रात्री १० ला टॉर्च घेऊन केबलचा माग काढला. डब्यातून निघून ती बोळ ओलांडते, आणि नेमक्या त्या बोळीत मंडळाचा मांडव उभा राहतोय. काम १४ तारखेला सुरू झालेलं. तक्रार १५ पासून.

मांडवाच्या कडेचा आडवा बांबू आणि आपली केबल एकाच काथ्यानं आवळलेली. वर ताडपत्री, तिला झोळ, झोळात पाणी. पाण्याच्या वजनानं बांबू खाली आलेला, आणि केबल गाठीपाशी कोपरासारखी दुमडलेली. टॉर्च जवळ धरल्यावर काळ्या कवचावर त्या जागी पांढरट सुरकुती दिसली, अंगठ्याच्या नखाएवढी. सगळा बिघाड त्या नखाएवढ्या जागेत होता.

पावसानंतर चाळीस मिनिटांचा उशीर कशाचा, तेही कळलं: झोळ भरायला तेवढा वेळ लागतो. सकाळी नेट आपोआप का येतं, याचं उत्तर मांडवाखाली बसलेल्या पोरांकडून मिळालं. पहाटे तालमीत जाताना ती बांबूनं ढोसून ताडपत्रीतलं पाणी पाडतात. ‘दादा, म्हणजे आमी पानी पाडलं की तुमचं नेट येतंय व्हय?’ एकानं विचारलं. होय, तसंच.

गुरुवार, २१ ऑगस्ट

डोळ्यांना दिसलं म्हणून पुरावा झाला असं नाही. केबल बदलायचा खर्च करण्याआधी दुपारी कोरड्यात चाचणी केली. घरच्यांना विचारून अर्धा तास नेट बंद ठेवलं, डब्यातून ड्रॉप केबल सोडवली, तिथं लाइट सोर्स (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडणारं यंत्र) आणि घरात मीटर.

झोळ रिकामा असताना घट: १३१० वर ०.७, १५५० वर ०.६.
पोरांनी १५ लिटरच्या चार बादल्या वर ओतल्या, म्हणजे ६० किलो वजन. आता १३१० वर १.४, १५५० वर ६.१.

हाच वाकलेल्या केबलचा शिक्का. जोड खराब असता तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच वाढले असते. १५५० एकटा उसळतो तेव्हा केबल कुठंतरी दुमडलेली असते. ओटीडीआर (केबलमधला बिघाड किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) नसतानाही एवढ्या दोन मोजण्यांत निवाडा होतो. चालू लाइनवर मात्र सोर्स लावायचा नाही, केबल आधी सोडवायची.

कवचावरची छपाई पुसून वाचली: जी.६५२डी. हा तंतू मुळात लांबच्या सरळ मार्गांसाठी, वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. गाठीपाशी ती सात-आठ मिलिमीटर भरली. घराकडे येणाऱ्या शेवटच्या टप्प्याला जी.६५७ए२ हवा, तो ७.५ मिलिमीटरपर्यंत वळण सोसतो. तो सोसतो म्हणून तसा वाकवावा असं नाही, पण पेठेतल्या बोळात केबलला कोण कधी काय बांधेल याचा नेम नसतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गाठ सोडून चालणार नव्हतं. एकदा दुमडलेल्या जागी काचेला बारीक तडा असू शकतो आणि तो नंतर वाढतो. मधे तोडून जोड घालणं हाही उपाय नाही. ६० मीटरसाठी उघड्यावर एक जादा जोड म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तक्रार आजच लिहून ठेवणं. पूर्ण केबल बदलली.

सामान: जी.६५७ए२ ची तारेसकट चपटी ड्रॉप केबल ७५ मीटर, ड्रॉप क्लॅम्प ४, भिंतीचे हुक ६, हिरवे फास्ट कनेक्टर ३ (दोन लागले, एक हाताशी), सिलिकॉनची एक नळी.

मार्ग बदलला. आधी केबल बोळीच्या मधोमध तिरकी जात होती. आता खांबावरून सरळ समोरच्या भिंतीवर, तिथून भिंतीच्या कडेनं घरापर्यंत. बोळ ओलांडणारा तुकडा फक्त एकच, तो मांडवाच्या अलीकडे. उंची ठरवताना मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलावून घेतलं: मूर्ती ट्रॉलीवर चढल्यावर किती उंच जाते ते त्यांनाच ठाऊक. मिरवणुकीत आडव्या आलेल्या केबली बांबूनं उचलतात आणि त्या ओढीत क्लॅम्प निसटतात, म्हणून आधीच दोन फूट जास्त वर घेतली.

ताण केबलच्या तारेवर द्यायचा, चपट्या भागावर नाही. क्लॅम्पच्या आधी तार वेगळी सोलून तीच अडकवली. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर जादा केबल, वीतभर व्यासाच्या वेटोळ्यात. वेटोळं प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून आवळू नये. बोट आत सरकेल इतकं सैल.

घरात शिरण्याचं जुनं भोक बाहेरून आत उतरतं होतं, पाणी केबलवरून थेट पेटीत येत होतं. नवं भोक बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडलं, शिरण्याआधी केबलला खाली एक झोका दिला म्हणजे थेंब तिथंच गळतात, मग सिलिकॉन.

मोजणी: पॅचकॉर्डच्या टोकाला -२१.२, ओएनटीवर -२१.५. रात्री जोरदार पाऊस. १० वाजता -२१.५, ११ वाजता -२१.६.

शनिवार, २३ ऑगस्ट

वरच्या मजल्यावर नेट नाही, खाली व्यवस्थित. पॉन हिरवा, आरएक्स -२१.५. म्हणजे यात फायबरचा संबंध नाही, फायबरवाल्यांना बोलावून उपयोग नाही.

वरच्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग (नेटवर्कचे पत्ते दाखवणारी आज्ञा): पत्ता १९२.१६८.१.१०४, गेटवे १९२.१६८.१.१. आकडे दिसायला बरोबर. पण ब्राउझरमध्ये तो गेटवे उघडला तर ओएनटीचं नाही, वरच्या जुन्या राउटरचं पान आलं. बंदच्या दिवसांत कुणीतरी तो रिसेट केला होता. त्यानं तो मूळपदावर गेला: पत्ता ओएनटीचाच आणि पत्ते वाटायची जबाबदारी, म्हणजे डीएचसीपी, पुन्हा चालू. एका घरात दोन वाटपे झाले. ज्याला ज्याच्याकडून पत्ता मिळेल त्यावर त्याचं नेट अवलंबून.

दुरुस्ती: केबल काढून जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी बंद केलं, मग ओएनटीकडून येणारी केबल त्याच्या वॅनऐवजी (बाहेरच्या नेटच्या पोर्टाऐवजी) लॅन पोर्टात घातली. आता तो फक्त वायफाय पसरवतो. २.४ गिगाहर्ट्झला खाली चॅनेल १, वर ११. दीड फुटी भिंतींमुळे ५ गिगाहर्ट्झ जिन्यापलीकडे जात नाही, तिथं वेळ घालवला नाही.

घरच्यांना तपासायचा क्रम लिहून दिला. आधी १९२.१६८.१.१ ला पिंग, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते पाहायचं. उत्तर नाही तर घरातला घोटाळा. ते आलं तर ८.८.८.८ ला, तिथं अडलं तर ओएनटीपासून पुढं. तेही आलं आणि नावानं साइट उघडत नसेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सेवा.

मंगळवार, २६ ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी. मांडवाची रोषणाई लागली. माळांची वायर आपल्या केबलवरून फिरवली होती, कार्यकर्त्यांनी लगेच बाजूला घेतली. आता त्यांना कारण माहीत आहे, सांगावं लागलं नाही. आरएक्स -२१.५, अपटाइम ३ दिवस (२३ तारखेला रिस्टार्ट केलं होतं तिथून).

पेटीच्या झाकणाच्या आतून पट्टी चिकटवली: तारीख, केबलचा प्रकार, दोन्ही टोकं हिरवी, मीटरवर -२१.२, ओएनटीवर -२१.५. पुढं जो कुणी पेटी उघडेल त्याला तुलनेला आकडा मिळेल.

सोमवार, ८ सप्टेंबर

शनिवारी अनंत चतुर्दशी झाली, मिरवणूक रविवारपर्यंत चालली. मूर्ती केबलखालून हात न लावता गेली. मांडव उतरवताना मात्र एक बांबू भिंतीवरच्या तिसऱ्या हुकाला लागला. हुक वाकला होता, बदलला. केबलला ओरखडा नाही.

१३१० आणि १५५० पुन्हा मोजले: ०.६ आणि ०.५. आरएक्स -२१.५. तक्रार बंद.